मीटर बंद पडले, पण दोष मीटरचाच का?

हिंगणघाटहून सकाळी नागपूरच्या दिशेने निघालेला दुचाकीस्वार जांबच्या चौरस्त्याजवळ येतो आणि तेव्हा कुठे त्याचे लक्ष मीटरकडे जाते. वेगाचा आकडा शून्यावर थिजलेला असतो. इंजिन सुरळीत चालू असते, दिवा लागतो, हॉर्न वाजतो, पेट्रोलची पातळीही दिसते. वेग तेवढा दिसत नाही आणि किलोमीटरचा आकडा पुढे सरकत नाही. परतल्यावर तो गॅरेज गाठतो. ‘मीटर गेले, नवीन बसवावे लागेल’ असे निदान मिनिटभरात होते आणि काही हजार रुपयांचा आकडा त्याच्यासमोर ठेवला जातो.

हे निदान पुष्कळदा चुकीचे ठरते. वर सांगितलेल्या लक्षणांत तर मीटर निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक. ज्या पडद्यावर पेट्रोल दिसते आणि घड्याळ चालते, त्याला वीज मिळते आहे आणि त्यातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही शाबूत आहे. त्याच्यापर्यंत वेगाची खबर पोहोचत नाही, इतकेच. निरोप आला नाही म्हणून पोस्टमन बदलावा, तसा हा प्रकार होतो. नवे मीटर बसवूनही वेग शून्यावरच राहतो आणि मग चाकाजवळच्या सेन्सरचा शोध सुरू होतो. तोपर्यंत मीटरचे पैसे गेलेले असतात.

केबल गेली, सेन्सर आला

जुन्या मोटारसायकलींमध्ये हा घोळ नव्हता. पुढच्या चाकातील वर्म फिरला की केबलच्या आतील तार फिरे आणि तिच्या टोकाला मीटरमधील लोहचुंबक फिरे. चुंबकाभोवतालच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होऊन ती वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाई, तर बारीक स्प्रिंग तिला मागे खेचे. या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावे तो वेग. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातील बहुतेक वाहने तिच्याच भरवशावर चालली. काटा थरथरू लागला की केबलला वंगण द्यायचे, केबल तुटली की नवी टाकायची, वर्म झिजला की तो बदलायचा. दुरुस्ती गल्लीतील कोणत्याही मेकॅनिकच्या आवाक्यातली होती.

महाराष्ट्रात तयार होणाऱ्या गाड्यांमध्येच हा बदल टप्प्याटप्प्याने पाहता येतो. २००१ मध्ये बाजारात आलेल्या बजाज पल्सरवर काट्याचे मीटर होते. २००६ च्या सुमारास त्याच गाडीवर केशरी प्रकाशाचा डिजिटल पडदा आला. २०१७ मध्ये पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकवर मोबाइलसारखा रंगीत पडदा बसला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींना इंधन फवारणारी संगणकनियंत्रित यंत्रणा मिळाली. त्यानंतर मीटर हे स्वतः काही मोजणारे यंत्र फारसे उरले नाही. वेग चाकाजवळच्या किंवा गिअरबॉक्सवरच्या सेन्सरकडून, इंजिनचे फेरे व तापमान इंजिनच्या संगणकाकडून आणि पेट्रोलची पातळी टाकीतील तरंगत्या फ्लोटकडून येते. ही माहिती मांडणे एवढेच मीटरचे काम. ओडोमीटरचे रीडिंग मात्र बहुतेक गाड्यांत मीटरच्या आतल्या चिपमध्ये साठवलेले असते. मीटर बदलण्याची घाई का करू नये, याचे ते एक महत्त्वाचे कारण आहे आणि त्याचा विचार पुढे येईलच.

लक्षणांची भाषा

किल्ली फिरवल्यावर पहिले दोन-तीन सेकंद मीटरकडे नीट पाहणे, ही तपासणीची पहिली आणि फुकटची पायरी. बहुतेक गाड्यांत त्या क्षणी सर्व इशारादिवे लागतात, पडद्यावरचे सर्व अवयव उजळतात आणि काटा असल्यास तो टोकापर्यंत जाऊन परत येतो. मीटर स्वतःची परीक्षा घेत असते. ही परीक्षा नीट पार पडली, तर दोष मीटरच्या बाहेर शोधावा.

पडदा पूर्ण काळा राहिला आणि इतर दिवेही लागले नाहीत, तर बॅटरी, मुख्य फ्यूज किंवा किल्लीचा स्विच यांकडे वळावे. बाकी सारे चालते आणि मीटर तेवढे मेलेले आहे, असे असेल तर मीटरला वीज देणारा फ्यूज व त्याचा अर्थ तपासावा. स्टार्टर दाबताच पडदा क्षणभर विझतो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते, हे दुबळ्या बॅटरीचे किंवा ढिल्या टर्मिनलचे ठळक चिन्ह. स्टार्टरला हात न लावताही, गाडी बंद केली की प्रत्येक वेळी घड्याळ व ट्रिपचा आकडा पुसला जात असेल, तर मीटरला सतत मिळणारी वेगळी वीज तुटलेली असते. तिचा फ्यूज वेगळा असतो आणि तो पाहिलाच जात नाही.

वेग शून्यावर आणि त्याच वेळी एबीएसचा पिवळा दिवा सतत चालू, असे असेल तर संशयित जवळजवळ निश्चित असतो. १२५ सीसीवरील नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि अशा सर्वच नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाले. अशा अनेक गाड्यांत चाकाच्या दातेरी कड्यावर रोखलेला एकच सेन्सर ब्रेकलाही माहिती देतो आणि मीटरलाही. सेन्सर आणि कडे यांमधील फट अगदी अरुंद असते. त्या फटीत पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती घट्ट बसली किंवा पंक्चर काढताना कडे किंचित वाकले, की दोन्ही यंत्रणा एकदम आंधळ्या होतात. म्हणून ‘मीटर कधीपासून बंद आहे’ याच्या जोडीला ‘त्याआधी गाडीवर कोणते काम झाले’ हा प्रश्नही विचारावा. पुढचे चाक काढले होते, टाकी उतरवली होती, साखळी बदलली होती, गाडी धुतली होती, यांपैकी एखादे उत्तर हमखास मिळते. टाकी उतरवल्यानंतर पेट्रोलचा काटा मेला, तर टाकीखालचा कपलर पुन्हा जोडायचा राहून गेला आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

वेग, फेरे, तापमान असे बरेच काही एकाच क्षणी नाहीसे होते आणि थोड्या वेळाने आपोआप परत येते, तेव्हा हँडलजवळच्या तारांकडे पाहावे. गाडी जागेवर उभी करून, किल्ली चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवावे. पडदा लुकलुकला, तर मानेजवळ रोज हजारदा वाकणाऱ्या जुडग्यातील एखादी तार आतून तुटलेली आहे. बाहेरचे आवरण धडधाकट दिसते, म्हणून हा दोष डोळ्यांना सापडत नाही. हँडल वळवण्याच्या या साध्या परीक्षेने तो सापडतो.

उन्हाळा आणि पावसाळा

हिंगणघाटचा उन्हाळा मीटरची वेगळीच परीक्षा पाहतो. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बाजार समितीच्या आवारात किंवा रेल्वे स्थानकाबाहेर दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बंद काचेखालचे तापमान हवेपेक्षा कितीतरी अधिक होते. एलसीडी पडद्यातील पदार्थ हा द्रव आणि स्फटिक यांच्या मधल्या अवस्थेतला. त्याच्या रेणूंची ठरावीक मांडणी टिकून असेल तरच आकडे उमटतात. विशिष्ट तापमानाच्या वर ही मांडणी विस्कटते आणि पडदा सरसकट काळा पडतो किंवा आकडे पुसट होतात. गाडी सावलीत घेऊन अर्धा-पाऊण तास थांबल्यास बहुधा सारे पूर्ववत होते. हा बिघाड नव्हे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतण्याचा मोह मात्र टाळावा. आकसण्याच्या झटक्याने काचेचा सांधा उघडतो आणि पुढच्या पावसात पाणी आत शिरते.

वर्षानुवर्षांच्या उन्हाने होणारे नुकसान कायमचे असते. पडद्यावर चिकटवलेली प्रकाश गाळणारी पातळ फिल्म जळते आणि तपकिरी किंवा जांभळट डाग पसरतात. आतील यंत्रणा ठीक असल्याने असे मीटर फेकून देण्याचे कारण नाही. ही फिल्म बदलता येते आणि मोठ्या शहरांत ते काम करणारे कारागीर आहेत. मीटर उघडल्यावर ते पुन्हा जलरोधक बंद होईल ना, हे मात्र आधी विचारून घ्यावे. उन्हात गाडी उभी करताना मीटरवर जाडसर कापड टाकणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

उन्हाच्याच संदर्भात एक गंमत. पोलराइज्ड काचांचा गॉगल लावून मीटरकडे पाहिले, की काही गाड्यांचा पडदा पूर्ण काळा दिसतो. मान खांद्याकडे कलवली की आकडे उमटतात! गॉगल आणि पडदा या दोहोंत एकाच जातीची फिल्म असल्याने हे घडते. गॅरेजला जाण्यापूर्वी एकदा गॉगल उतरवून पाहिलेला बरा.

पावसाळ्यातली तक्रार निराळी. सकाळी काचेच्या आतून धुके दिसते. मीटर पूर्ण हवाबंद नसते, आतला दाब समतोल राहावा म्हणून त्याला बारीक श्वसनछिद्र असते. त्यातून आलेली दमट हवा थंड रात्री काचेवर जमते आणि गाडी थोडी चालली की विरते. असे धुके निरुपद्रवी. थेंब तयार होऊन खाली ओघळत असतील किंवा दुपारपर्यंत धुके टिकत असेल, तर सील फाटले आहे असे समजावे आणि विलंब करू नये. आतील पट्टीवर पाणी साचून तांब्याच्या रेषांना हिरवा गंज चढला, की दुरुस्तीची वेळ निघून जाते.

मीटरच्या काचेत पाणी घुसवण्याचे श्रेय मात्र पावसापेक्षा वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पाइपला अधिक जाते. पाऊस वरून पडतो. प्रेशरचे पाणी खालून, बाजूने, ज्या फटींचा रचनाकाराने कधी विचारही केला नव्हता तिथून आत शिरते. व्हायझरच्या मागचे कपलर त्यामुळेच भिजतात आणि दोन-तीन आठवड्यांनी, धुण्याची आठवणही उरली नसताना, पिनांना गंज चढून मीटर लहरी वागू लागते. मीटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून मगच गाडी धुण्यास द्यावी. काच पुसताना पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. ती खरे तर काच नसून प्लॅस्टिक असते आणि अशा द्रावणाने तिच्यावर बारीक भेगा पडतात.

फ्यूज, अर्थ आणि मल्टिमीटर

मोजल्याशिवाय मीटर बदलू नये, हा नियम चांगले मेकॅनिक पाळतात. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवले जावेत. १२ च्या खाली आकडा आला, तर बॅटरी रिकामी आहे. स्टार्टर दाबताना तो १० च्या खूप खाली घसरत असेल, तर ती थकली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. इंजिन सुरू करून फेरे वाढवल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत.

हा आकडा १५ च्या वर जात असेल, तर गोष्ट गंभीर आहे. वीज नियंत्रित करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर निकामी झाला आहे आणि वाढीव दाब मीटरच्या आतील भाग भाजून काढतो आहे. अशा गाडीवर मीटर खरोखरच जळालेले असू शकते. पण रेग्युलेटर तसाच ठेवून नवे मीटर बसवले, तर तेही जळते. ‘दोनदा मीटर बदलले, तरी टिकत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा न मोजलेले हे व्होल्ट असतात.

अर्थची तपासणी याहून सोपी आणि याहून दुर्लक्षित. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी मीटरच्या कपलरमधील अर्थच्या पिनला लावावी. दिवा व इंडिकेटर चालू असताना जवळपास शून्य दिसले पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दिसत असेल, तर वाटेत कुठे तरी गंज किंवा ढिला बोल्ट आहे. इंडिकेटरच्या प्रत्येक लुकलुकीबरोबर मीटरचा प्रकाश मंदावतो किंवा पेट्रोलचा काटा हलतो, ही त्याचीच खूण. चौकटीवरचा तो बोल्ट काढून, पॉलिश कागदाने घासून पुन्हा घट्ट बसवला, की पुष्कळ ‘जळालेली’ मीटर जिवंत होतात.

कपलर उघडण्यापूर्वी किल्ली बंद करावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी. जोडताना ती शेवटी जोडावी. पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून त्या वाळू द्याव्यात. फ्यूज गेला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पंधरा-वीस रुपये वाचवून सगळे वायरिंग पणाला लावणे होय. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठे तरी तार चौकटीला घासते आहे. वाढीव फॉगलॅम्प, मोबाइल चार्जर, चोरीची सूचना देणारा अलार्म यांसाठी मूळ तारेला चीर देऊन काळी टेप गुंडाळलेली असेल, तर शोध तिथूनच सुरू करावा. उंदरांनी कुरतडलेल्या तारांचाही विसर पडू नये. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत तो संशय पहिला.

एवढे सारे पाहूनही दोष सापडला नाही, म्हणजे वीज येते, अर्थ ठीक आहे, सेन्सरकडून संकेत मिळतो आणि तरीही पडदा चुकतो, तरच मीटरवर बोट ठेवावे. आतल्या दोषांचीही लक्षणे असतात. आकड्यांच्या काही रेषाच गायब होऊन इंग्रजी आठाचा सहा दिसू लागला, तर पडदा आणि सर्किट यांना जोडणारी पट्टी सैल झालेली असते. रात्री पडदा काळा वाटत असेल, तर त्यावर तिरका टॉर्च मारून पाहावा. आकडे पुसट दिसले, तर पडदा जिवंत असून फक्त मागचा दिवा गेला आहे. हे दोन्ही दोष सुटे दुरुस्त होण्यासारखे आहेत.

बिघाड नसलेले बिघाड

गाडी सुरू केल्यावर एबीएसचा दिवा लागलेला दिसतो, म्हणून धावपळ करणारे काही कमी नाहीत. गाडी चालू लागून थोडा वेग घेईपर्यंत तो लागलेलाच असतो, कारण चाक फिरल्याशिवाय सेन्सरची परीक्षा होत नाही. वेग घेतल्यावरही तो विझला नाही, तरच काळजी करावी. ब्रेक तेव्हाही लागतात, पण चाक लॉक होण्यापासूनचे संरक्षण राहत नाही. ओल्या रस्त्यावर हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

मोबाइलवरील जीपीएस ५५ दाखवतो आणि मीटर ६० दाखवते, हाही दोष नव्हे. दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असू नये, असे जगभरच्या मानकांत अभिप्रेत असल्याने उत्पादक तो किंचित वाढवूनच दाखवतात. टायरचा आकार बदलला असेल, तर मात्र हे गणित बिघडते.

इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा हा निराळाच विषय आहे. तो मीटरबद्दल काही सांगत नाही, तर इंजिनच्या संगणकाने नोंदवलेल्या दोषाची वर्दी देतो. दोषाला सांकेतिक क्रमांक असतो. पी ०५०० हा क्रमांक वेगाच्या सेन्सरकडे बोट दाखवतो, तर यू ०१५५ म्हणजे मीटरशी संपर्क तुटला. एप्रिल २०२३ पासून दुचाकींमध्ये दोषनिदानाची ही व्यवस्था अधिक सखोल झाली. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला असेल, तर ‘कोड कोणता आला’ हे विचारण्याचा आणि तो जॉबकार्डवर लिहून घेण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. तेवढ्या प्रश्नानेही निदानाची घाई पुष्कळ कमी होते.

रीडिंगची किंमत

वाहनाला वेग दाखवणारे मीटर असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ नुसार आवश्यक आहे. त्यामुळे बंद मीटर घेऊन महिनोन्‌महिने फिरणे योग्य नाही. मोबाइलवरचा वेग दोन दिवसांची सोय म्हणून ठीक. त्या काळात किलोमीटर मात्र मोजले जात नाहीत. ऑइल बदलण्याचा हिशेब चुकतो आणि वॉरंटीचा दावा करताना वाद उभा राहतो.

मीटर बदलावेच लागले, तर नव्याचे रीडिंग बहुधा शून्यापासून सुरू होते. चाळीस हजार किलोमीटर धावलेली गाडी कागदावर कोरी होते. हाच प्रामाणिक मालक पुढे गाडी विकायला गेला, की त्याच्याकडे रीडिंग मागे फिरवणाऱ्यांतला एक म्हणून पाहिले जाते. भंगारातून आणलेले स्वस्त मीटर बसवले, तर परक्या गाडीचे किलोमीटर आपल्या नावावर चढतात. शिवाय मॉडेल किंचित वेगळे असले, तरी एबीएसचा दिवा किंवा पेट्रोलचा काटा चुकीचे बोलू लागतो.

म्हणून बिलावर जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग, नव्याचे पहिले रीडिंग, तारीख आणि गाडीचा चासी क्रमांक लिहून घ्यावा व त्यावर सर्व्हिस सेंटरचा शिक्का घ्यावा. जुने मीटर पूर्ण काळे पडले असेल, तर मागच्या सर्व्हिसच्या जॉबकार्डवरील रीडिंग ग्राह्य धरून तशी नोंद करावी. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले असून त्यात वाहनांचाही समावेश आहे. निदानाविषयी शंका असेल, तर काढलेला भाग परत मागावा. जुने मीटर तर परत मागून घ्यावेच. पडदा मेलेला असला, तरी आतील चिप शाबूत असू शकते आणि जाणकार कारागिराला तिच्यातून गाडीचे खरे रीडिंग नंतरही काढून देता येते.